फॉरमॅट करूनही पुन्हा मंदावणारा संगणक : विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी काय तपासावे

नाशिकमध्ये मी सोळा वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतील हिशेबाचे संगणक, रविवार कारंजा आणि मेनरोडवरील दुकानांतील बिलिंगची यंत्रे, इंदिरानगर-सिडकोतील घरगुती लॅपटॉप आणि हंगामात दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधील संगणक, असा या कामाचा पसारा आहे. या सगळ्या ठिकाणांहून येणारी तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत असते : "मशीन फार स्लो झालंय, मध्येच हँग होतंय, दिवाळीत फॉरमॅट मारला होता तरी पुन्हा तेच." या तक्रारीच्या शेवटच्या भागासाठी मी हे लिहितो आहे. विंडोज नव्याने टाकल्यावर ती काही महिन्यांत पुन्हा बिघडत असेल, तर मूळ दोष बहुतेक वेळा विंडोजच्या खाली, म्हणजे डिस्क, केबल, रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) किंवा वीजपुरवठा यांच्यात असतो. तो सापडेपर्यंत केलेला प्रत्येक फॉरमॅट म्हणजे ओल आलेल्या भिंतीला दिलेला रंग असतो.

लक्षणे

संगणक सुरू होऊन डेस्कटॉप दिसतो, पण पुढची पाच-दहा मिनिटे कोणत्याही क्लिकला प्रतिसाद मिळत नाही. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे कोणत्या भागावर किती भार आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर अडकलेला असतो, पण प्रत्यक्षात सेकंदाला एक-दोन एमबीदेखील वाचले जात नसतात. फाइल उघडताना खिडकी पांढुरकी पडते आणि वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पॉन्डिंग' असे येते. ही मंदपणाची लक्षणे झाली.

विंडोजच्या फाइली बिघडल्याची, म्हणजे ती करप्ट झाल्याची, लक्षणे वेगळी असतात. स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्जची खिडकी क्षणभर दिसून बंद होते, अपडेट दर वेळी ठरावीक टक्क्यांपर्यंत जाऊन माघारी फिरते, काम चालू असताना निळा पडदा येतो किंवा संगणक 'ऑटोमॅटिक रिपेअर'च्या फेऱ्यात अडकतो. काही ठिकाणी विंडोज ठीक दिसते, पण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील कंपनी उघडताना डेटा खराब असल्याचा संदेश येतो. वापरणाऱ्याला हा टॅलीचा दोष वाटतो, पण कित्येकदा तो डिस्कने दिलेला पहिला इशारा असतो.

संगणकाजवळ एक साधी वही ठेवावी आणि त्रास झाला की तारीख, वेळ, त्या वेळी चालू असलेले काम आणि लाइट गेली होती का, एवढे चार मुद्दे तीत लिहावेत, असे मी प्रत्येक ठिकाणी आग्रहाने सांगतो. मंदपणा हळूहळू वाढत आला आहे, एका विशिष्ट दिवसापासून सुरू झाला आहे, की नवीन विंडोज टाकल्याच्या पहिल्या दिवसापासूनच आहे, यावर पुढच्या तपासणीची दिशा ठरते. स्मरणावर विसंबून दिलेले उत्तर मात्र बहुधा चुकीचे निघते.

सर्वांत आधी डेटा

पुढे सांगितलेली एकही गोष्ट करण्यापूर्वी हिशेब, फोटो, कागदपत्रे आणि ईमेलच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. हे मी रीत म्हणून सांगत नाही. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थांचा संगणक माझ्याकडे आला होता आणि तो सुरू होत होता, फक्त मंद होता. मी फाइली न उतरवता थेट डिस्क दुरुस्तीची कमांड चालवली. मरायला टेकलेल्या त्या डिस्कला ही कमांड प्रत्येक सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचा बारीक कप्पा, पुन्हा पुन्हा वाचायला लावत राहिली आणि पहाटेपर्यंत डिस्क दिसेनाशी झाली. त्यांच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो त्यात होते आणि ते परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मालकाच्या हातात प्रत दिल्याशिवाय मी दुरुस्तीला हात लावत नाही.

प्रत घेताना ज्याच्यावाचून अजिबात चालणार नाही ते आधी घ्यावे, कारण डिस्क अर्ध्या वाटेत थांबण्याची शक्यता असते. प्रत त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवून उपयोग नाही. सी आणि डी ही बहुतेक संगणकांत एकाच डिस्कची दोन नावे असतात आणि डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात. कॉपी चालू असताना एखाद्या फाइलवर वेग शून्यावर येऊन अडकला, तर ती फाइल वगळून पुढे जावे आणि तिचे नाव वहीत लिहून ठेवावे.

लॅपटॉप नवा असेल तर आणखी एक गोष्ट याच वेळी पाहावी. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपवर डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारी बिटलॉकरची सोय, मालकाला न कळता चालू झालेले असते. दुरुस्तीच्या ओघात बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदलले किंवा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी, बदलला, तर संगणक ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागतो आणि ती नसेल तर स्वतःचाच डेटा स्वतःला उघडता येत नाही. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. संगणक नीट चालतो आहे तोवरच ती शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी म्हणजे रीस्टार्ट. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिला कारण आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. त्यामुळे रोज संध्याकाळी बंद होणारे दुकानातील यंत्र प्रत्यक्षात कित्येक आठवडे नव्याने सुरू झालेलेच नसते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात सीपीयूखाली (म्हणजे प्रोसेसरखाली) 'अप टाइम' दिसतो, तिथे बारा-पंधरा दिवसांचा आकडा दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नये. 'रीस्टार्ट' निवडल्यावर मात्र सर्व काही नव्याने भरले जाते.

त्यानंतर सी ड्राइव्हमधील मोकळी जागा पाहावी. जागा संपत आली की विंडोजला तात्पुरत्या फाइली आणि रॅमची पूरक जागा यांच्यासाठी कोपरे शोधावे लागतात, अपडेट अर्धवट राहतात आणि त्या अर्धवटपणातूनच फाइली बिघडतात. मी निदान २० ते २५ जीबी मोकळे राहतील असे पाहतो. सेटिंग्जमधील स्टोरेज विभागात 'टेम्पररी फाइल्स' पुसता येतात, पण त्या यादीत 'डाउनलोड्स' याही नावाचा एक चौकोन असतो. बँकेची स्टेटमेंट आणि जीएसटीचे कागद लोक वर्षानुवर्षे डाउनलोड्समध्येच ठेवतात, म्हणून त्या चौकोनावर खूण करू नये. विंडोजच्या फोल्डरमधील 'विनएसएक्सएस' नावाचा मोठा फोल्डर हाताने रिकामा करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण पुढे विंडोज स्वतःची दुरुस्ती त्याच साठ्यातून करते.

टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप अ‍ॅप्स' पाहून रोज न लागणारे कार्यक्रम बंद करावेत. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढून टाकावा, कारण दोघे प्रत्येक फाइल आळीपाळीने तपासत बसतात. रजिस्ट्री ही विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही असते, ती साफ करणारे 'रजिस्ट्री क्लीनर' किंवा 'पीसी बूस्टर' नावाची सॉफ्टवेअरे टाकूच नयेत. त्यांच्यामुळे वेगवान झालेले एकही यंत्र मी पाहिलेले नाही, बिघडलेली मात्र बरीच पाहिली आहेत.

डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी मजकूर जुळवण्याचे, काम करणाऱ्या दुकानांसाठी एक वेगळी सूचना आहे. मराठीच्या कामासाठी जमवलेले शेकडो फाँट प्रत्येक संगणकात ओतलेले असतात आणि कोरल ड्रॉ किंवा वर्ड उघडताना ते सगळे वाचले जातात. नेहमी लागणारे फाँट ठेवून बाकीचे एका फोल्डरमध्ये बाजूला काढले, तरी मशीन उघडण्यात फरक पडतो. त्यासाठी ना फॉरमॅट लागतो ना नवी रॅम.

व्हायरसची शंका असेल तर विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचे 'ऑफलाइन स्कॅन' करावे. ते विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालते, म्हणून लपून बसलेला कार्यक्रम त्याला अडवू शकत नाही. त्याच वेळी डिफेंडरच्या 'एक्स्क्लुजन्स'ची यादीही उघडून पाहावी. फुकट विंडोज किंवा ऑफिस चालू करून देणारे अ‍ॅक्टिव्हेटर त्या यादीत स्वतःला सूट मिळवून ठेवतात आणि मग कितीही स्कॅन केले तरी काहीच सापडत नाही.

वीज, धूळ आणि उष्णता

या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच आहे. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस सुरू झाला की वारा सुटतो, फांद्या तारांवर पडतात, लाइट जाते, येते आणि पुन्हा जाते. त्यानंतरच्या आठवड्यात माझा फोन थांबत नाही. वीज अचानक गेली की नेमके काय बिघडते, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. विंडोजची एनटीएफएस ही फाइलव्यवस्था आपल्या रचनेतील बदलांची आधी नोंद करते आणि मग बदल करते, त्यामुळे लाइट गेली तरी फोल्डरांची मांडणी बहुधा सावरली जाते. फाइलच्या आतील मजकुराला मात्र हे संरक्षण नसते. त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धी नवी आणि अर्धी जुनी राहू शकते, आणि ती फाइल अपडेटची किंवा रजिस्ट्रीची असेल तर दुसऱ्या दिवशी विंडोज अडखळू लागते.

म्हणून डेस्कटॉपला यूपीएस आहे का, एवढे विचारून मी थांबत नाही. तो खरोखर चालतो का ते पाहतो. सर्व फाइली बंद कराव्यात आणि यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद करावे. संगणक पाच मिनिटे तग धरतो आहे का, की लगेच विझतो, हे तिथेच कळते. लहान यूपीएसमधील बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत उतरते, पण हिरवा दिवा लागत असल्यामुळे कोणाला शंका येत नाही. संगणक घरच्या इन्व्हर्टरवर असेल, तर इन्व्हर्टरवर मोड बदलण्याचे बटण आहे का ते पाहावे. बऱ्याच इन्व्हर्टरना ते असते. ते यूपीएस मोडवर नसेल, तर लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या निमिषात पंखा फिरत राहतो, पण संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमध्ये ऐन हंगामात रोज एकदा तरी रीस्टार्ट होणारा संगणक मी केवळ हे बटण फिरवून बरा केला आहे.

धुळीचे म्हणाल तर अंबड-सातपूरच्या शेडमध्ये ती साधी धूळ नसते, तीत धातूचा बारीक कीस असतो. पंख्याच्या पात्यांवर तेलकट थर बसला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. सकाळी ठीक आणि दुपारी मंद, असे यंत्राचे वागणे असेल तर आधी उष्णतेकडे पाहावे. वीज तोडून कॅबिनेट उघडावे आणि ब्लोअरने साफ करावे, मात्र हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. लॅपटॉप स्वतः उघडू नये, त्याची जाळी बाहेरून साफ करण्यावरच थांबावे.

डिस्कची प्रकृती

आता खर्चाची शक्यता सुरू होते, पण तपासणी अजूनही फुकट आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवते. प्रकृती ठीक असेल तर निळा रंग, सावधगिरीसाठी पिवळा आणि धोक्यासाठी लाल दिसतो. रंगापेक्षा मी चार ओळी पाहतो. ०५ क्रमांकाच्या ओळीत किती खराब सेक्टर राखीव जागेत हलवले गेले ते दिसते. सी५ मध्ये वाचता न आलेले आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर असतात, तर सी६ मध्ये सावरता न आलेले. या तिन्हींत शून्य असावे. आकडा लहान असला तरी दोन आठवड्यांत तो वाढत असेल, तर ती डिस्क भरवशाची राहिलेली नाही आणि तिच्यावर नवी विंडोज टाकणे हे निव्वळ वेळ घालवणे आहे.

चौथी ओळ सी७ ही वेगळीच गोष्ट सांगते. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये माहितीची ने-आण होताना झालेल्या चुका तिथे मोजल्या जातात. बाकीचे आकडे शून्य आणि फक्त हाच वाढता असेल, तर डिस्क बहुधा निरोगी असून त्या दोघांना जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब असते. केबलची किंमत डिस्कच्या तुलनेत नगण्य आहे, आणि तरीही केबलच्या दोषापायी चांगल्या डिस्क फेकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत. या ओळीतील आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो, हे लक्षात ठेवावे.

याला जोड म्हणून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या घटनांच्या नोंदी दाखवणारे साधन, उघडावा आणि विंडोज लॉग्जमधील 'सिस्टीम'च्या नोंदी पाहाव्यात. लाल खुणांची संख्या पाहून घाबरू नये, चांगल्या संगणकातही त्या असतात. 'डिस्क' या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांक, 'एनटीएफएस'खाली ५५ आणि 'कर्नल-पॉवर'खाली ४१ तेवढे शोधावेत. ७ म्हणजे डिस्कवर खराब जागा सापडली, १५३ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर न दिल्यामुळे तेच काम पुन्हा करावे लागले, ५५ म्हणजे फाइलव्यवस्थेची रचना बिघडलेली आढळली आणि ४१ म्हणजे संगणक रीतसर बंद न होता बंद पडला. या नोंदींच्या वेळा वहीतील नोंदींशी ताडून पाहिल्या की बहुतेक वेळा निदान तिथेच होते.

अंबडमधील एका कारखान्याच्या हिशेबाच्या संगणकाचे असेच झाले. एका वर्षात तो तीनदा फॉरमॅट झाला होता आणि तिन्ही वेळा निराळ्या माणसाने केला होता. मी गेलो तेव्हा सी५ मध्ये ४८ हा आकडा होता, आणि सिस्टीमच्या नोंदींत ४१ हा क्रमांक पानभर पसरलेला होता. लेखापाल ताईंच्या टेबलाखालचा यूपीएस मी भिंतीकडून बंद केला, तसा संगणक दुसऱ्याच क्षणी विझला. डिस्क खराब होती आणि यूपीएस नावापुरता होता. तीन फॉरमॅटमध्ये या दोन्हींकडे कोणीच पाहिले नव्हते.

विंडोजच्या फाइलींची दुरुस्ती

डिस्क निरोगी असल्याची खात्री झाल्यावरच हे काम हाती घ्यावे. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करण्याची काळी खिडकी, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडावा. पुढील कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि तिरक्या रेघेआधी एक जागा सोडून लिहाव्यात.

पहिली कमांड :

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

आणि ती पूर्ण झाल्यावर दुसरी :

एसएफसी /स्कॅननाऊ

या क्रमाला कारण आहे. एसएफसी ही विंडोजच्या महत्त्वाच्या फाइली तपासते आणि बिघडलेल्या फाइलीच्या जागी वर उल्लेख केलेल्या विनएसएक्सएस साठ्यातील चांगली प्रत ठेवते. पण तो साठाच बिघडलेला असेल तर ती चांगली प्रत आणणार कोठून? डीआयएसएम आधी हा साठा विंडोज अपडेटमधून माहिती मागवून दुरुस्त करते, म्हणून ती चालू असताना इंटरनेट लागते. टक्केवारी बराच वेळ एकाच आकड्यावर थांबलेली दिसते आणि इथेच बहुतेक लोक धीर सोडून खिडकी बंद करतात. तसे करू नये, जुन्या यंत्रावर अर्धा-पाऊण तास सहज लागतो.

एसएफसीच्या शेवटी येणारे वाक्य नीट वाचावे. 'डिड नॉट फाइंड एनी' असे असेल तर फाइली शाबूत आहेत आणि दोष दुसरीकडे आहे. 'सक्सेसफुली रिपेअर्ड' असेल तर रीस्टार्ट करून हीच कमांड पुन्हा चालवावी, कारण दुसऱ्यांदा पाटी कोरी आली तरच दुरुस्ती टिकली असे म्हणता येते. 'अनएबल टू फिक्स सम' असे दोनदा आले तर तिसऱ्यांदा प्रयत्न करत बसू नये, पुढच्या पायरीकडे जावे. आणि दुरुस्त झालेल्या फाइली आठवडाभरात पुन्हा बिघडलेल्या निघाल्या, तर पुन्हा डिस्क, रॅम आणि विजेकडे वळावे.

फाइलव्यवस्थेच्या दुरुस्तीसाठी सीएचकेडीएसके ही कमांड आहे. सी ड्राइव्हचे नाव देऊन तिला /एफ जोडले, की ती पुढच्या रीस्टार्टला रचनेतील चुका दुरुस्त करते, आणि बहुतेक वेळा एवढेच पुरते. /आर जोडले तर ती प्रत्येक सेक्टर वाचते, मोठ्या डिस्कवर कित्येक तास घेते आणि डिस्क थकलेली असेल तर तिचा शेवट करते. प्रत हातात नसताना /आर वापरू नये.

निळा पडदा दर वेळी वेगळे कारण दाखवत असेल, तर रॅमवर संशय घ्यावा. संगणक पूर्ण बंद करून आणि वीज काढून रॅमच्या पट्ट्या बाहेर घ्याव्यात, सोनेरी पिना साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि पट्ट्या नीट बसवाव्यात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत एवढ्यानेच बरे झालेले संगणक पुष्कळ आहेत. त्यानंतर 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवावे. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून दोन दिवस वापरून पाहावे. खराब रॅमची वाईट गोष्ट ही, की ती विंडोजच्या चांगल्या फाइलीही बिघडवून डिस्कवर लिहवते, आणि आपण मात्र फाइलींनाच दोष देत राहतो.

विंडोज नव्याने टाकणे

फॉरमॅटच्या आधी आणखी एक पायरी आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. चालू विंडोजवरच तीच विंडोज पुन्हा बसवता येते आणि त्यात फाइली, सॉफ्टवेअर व सेटिंग्ज जागेवर राहतात. अद्ययावत विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी या मार्गाने गेल्यास 'विंडोज अपडेट' वापरून पुन्हा बसवण्याचा पर्याय मिळतो. अन्यथा मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजची फाइल उतरवून, विंडोज चालू असतानाच तिच्यातील सेटअप चालवावे. टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, डिजिटल सहीचे टोकन हे सगळे पुन्हा बसवण्याचा दोन दिवसांचा त्रास यामुळे वाचतो.

तेही साधले नाही तरच कोरी विंडोज टाकावी. त्यासाठी निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि तो मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने तयार करावा, कोणाकडून तरी आणलेल्या 'रेडीमेड' पेनड्राइव्हवर विसंबू नये. संगणकात जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर याच वेळी तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवर चालणारी डिस्क, बसवावी. इतस्ततः विखुरलेल्या बारीक फाइली वाचताना तबकडीवरील वाचणाऱ्या हेडला प्रत्येक वेळी जागा बदलावी लागते. विंडोज सुरू होताना नेमके हेच हजारो वेळा घडते, म्हणून जुन्या यंत्रात एसएसडीने पडणारा फरक रॅम वाढवून पडत नाही.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नेहमीची सुरक्षा-अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रात हे नाही, त्यावर पैसे घालण्यापूर्वी ते आणखी किती वर्षे वापरायचे आहे, याचा विचार करावा.

कोठे थांबावे

हार्ड डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर संगणक त्याच क्षणी बंद करावा आणि 'एकदा पाहू तरी' म्हणून पुन्हा चालू करू नये. प्रत्येक वेळी चालू केल्यावर आतील पृष्ठभागाला इजा होऊ शकते. बायोसमध्ये डिस्क दिसतच नसेल आणि डेटाची प्रत नसेल, तरीही थांबावे. एसएसडी आवाज न करता, बऱ्याचदा कोणताही इशारा न देता एकदम जाते, म्हणून तिच्या बाबतीत आवाजाची वाट पाहून चालत नाही. हे काम डेटा रिकव्हरी करणाऱ्यांचे आहे, साध्या दुरुस्तीच्या दुकानाचे नाही आणि माझेही नाही.

फाइलींची नावे किंवा शेवटची अक्षरे आपोआप बदलली असतील आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसत असेल, तर आधी नेटवर्कची केबल काढावी, वायफाय बंद करावे आणि तज्ज्ञाला बोलवावे. बॅकअपची डिस्क त्या यंत्राला लावू नये. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला असेल तर आतली बॅटरी फुगली आहे असे समजून चार्जर काढावा, दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये. जळका वास, पाणी सांडणे, बिटलॉकरची की न सापडणे आणि कंपनीच्या मालकीचा लॅपटॉप यांतही स्वतः हात घालू नये. पडद्यावर अचानक उमटलेल्या क्रमांकावर फोन करून कोणाला संगणकाचा ताबा देणे तर कोणत्याही स्थितीत करू नये.

तंत्रज्ञाकडे जाताना "फॉरमॅट मारून द्या" असे म्हणू नये. लक्षणे सांगावीत, वही आणि डिस्कच्या नोंदींचा फोटो दाखवावा आणि डेटा पुसण्यापूर्वी विचारावे अशी लेखी नोंद पावतीवर करून घ्यावी.

दुरुस्तीनंतर पंधरा दिवसांनी आणि पुन्हा दोन महिन्यांनी डिस्कच्या त्या चार ओळी आणि सिस्टीमच्या नोंदी पाहाव्यात. अंबडच्या त्या संगणकात आम्ही एसएसडी आणि यूपीएसची नवी बॅटरी बसवली आणि तिथल्या ताईंनी वही लिहायला सुरुवात केली. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, तो संगणक बंद पडला म्हणून नव्हता. वहीत जुलैमध्ये अकरा वेळा 'लाइट गेली' असे लिहिलेले होते, आणि मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी स्वतः इव्हेंट व्ह्यूअर उघडून पाहिला होता. त्यात ४१ हा क्रमांक एकदाही नव्हता.